भुकेली होती हो पोर

दार नसीम, कैरो
शनिवार, १७ सप्टेंबर २०१६

वन्सं, सलाम.

सुखरूप पोचले. रमझी ड्रायव्हरने दुमयातपासून मायक्रोबस अशी हाणली, की तुम्ही दिलेल्या चीजच्या डब्यातलं अर्धं पाणी माझ्या मांडीवर आलं. हे पत्रही त्याच्याच हाती देते आहे. तुम्हाला फोन ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं म्हणजे तुमच्या मते मुंग्यांची वरात, तेव्हा आपल्या नणंद-भावजयींचं हेच बरं. निदान तुम्ही मध्येच तोंड घालणार नाही.

ऐन पुतणीच्या लग्नात तुम्ही मांडीचं हाड मोडून घेतलंत, म्हणून इथलं सगळं कळवायचं मी कबूल केलंय. तर ऐका. होणाऱ्या जावयाने मला हॉटेलात उतरवलंय. पण आपल्याला ठाऊक आहे तसलं नाही. जुन्या इमारतीतल्या मोठ्या घरांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला न्हाणीघर आणि चिमुकलं स्वयंपाकघर लावलंय. 'घरासारखं हॉटेल' म्हणे. दोन शेगड्या, दोन कप, पाण्याचा एक पेला. तिसरं माणूस आलं तर त्याने ओंजळीने चहा प्यावा. माझ्या छतावर प्लास्टरचं अर्धंच फूल आहे, उरलेलं अर्धं भिंतीपलीकडच्या पाहुण्याच्या डोक्यावर. भिंतींवर जुने फोटो टांगलेत. मी मॅनेजरला विचारलं, "ही मंडळी कोण?" केसांचा अंबाडा घालतो तो, वन्सं, तुमच्यापेक्षा मोठा. म्हणाला, "कुणीच नाहीत मॅडम, बाजारातून आणलेत, शोभेला." दुसऱ्यांचे मेलेले आपल्या भिंतीवर! दोघांची तोंडं तर मी भिंतीकडे फिरवून ठेवली.

हाझेम मात्र गुणाचा आहे, तुमच्या पारखीला मानलं. या हॉटेलचं सगळं फर्निचर त्यानेच आपल्या दुमयातहून आणून दिलं. आणि गंमत म्हणजे त्याचा जन्म याच इमारतीतला, चौथ्या मजल्यावरचा. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई उल्फत इथेच वारली, मग बाप त्याला घेऊन निघून गेला. आता बापही नाही. आईची एक बुटकी खुर्ची त्याने जपून ठेवली होती, ती माझ्या खोलीत आणून ठेवलीय. म्हणाला, "मावशी, माझ्याकडून लग्नात एकही बाईमाणूस नाही. आईची खुर्ची तरी तुमच्याजवळ असू दे." मला भरून आलं.

निहाल नोकरीवरून सुटली की संध्याकाळी येते. तोही येतो, पण लांब बसतो, आणि आपली कन्या त्याच्यासमोर डोक्यावरचा रुमाल भुवयांपर्यंत ओढते. काल मला हळूच म्हणतो, "मावशी, केस काळे आहेत की पिंगट, एवढं तरी सांगा." मी म्हटलं, "एकोणतीस तारखेला निकाह लागला की स्वतःच बघ."

एकच खटकतंय. दुपारी जेवून आडवी झाले की कुठे तरी तान्हं मूल रडतं. फार भुकेलं रडतं. थोड्या वेळाने गप्प होतं आणि मग खोलीत मेथीचा वास येतो, बाळंतिणीच्या काढ्यासारखा. मॅनेजरला सांगितलं, तर म्हणतो, "मॅडम, आमच्याकडे बारा वर्षांखालची मुलं घेतच नाहीत."

तुमची,
इन्शिराह


दुमयात
सोमवार, १९ सप्टेंबर

इन्शिराह,

पत्र पोचलं. रमझीला मी पाकातली मुशब्बक खायला घातली, म्हणून तुझ्यासाठीही अर्धा किलो पाठवतेय. मॅनेजरच्या अंबाड्याला दे, गोड बोलेल.

रडतंय ते मांजर असणार. कैरोची मांजरं माणसांपेक्षा जास्त रडतात. आणि तुला मुलाच्या रडण्यातलं काय कळतं गं? राग मानू नकोस, पण खरं ते खरं. निहाल दोन दिवसांची होती तेव्हा तू बाळंतज्वराने फणफणलीस. माझा भाऊ महरूस, अल्लाह त्याला जन्नत देवो, तेव्हा बोटीवर, समुद्रात. तुला कैरोच्या इस्पितळात घालून चाळीस दिवस पोर कुणी सांभाळली? या बहीगाने. बाटली तोंडात धरेना, रडून निळी व्हायची. माझ्या बडीशेपेच्या पाण्याने गप्प झाली, गुटगुटीत झाली. डॉक्टरसुद्धा चकित! कितीकांनी सांगितलं, अमकीला दूध आहे, तमकीला दूध आहे, तिच्या छातीला लाव. मी म्हटलं, नाही. पाच वेळा पोटभर पाजलं की ती झाली दूध-आई, तिची सगळी पोरं झाली भावंडं, निकाहाला हराम. अर्ध्या जगाशी भावाबहिणीचं नातं जोडून बसली असती, तर नवरा काय चंद्रावरून आणायचा होता? आज हाझेमसारखा मुलगा मिळतोय तो माझ्या त्या हट्टामुळे, हे लक्षात असू दे.

मेथीचा वास येतो म्हणजे आधी राहून गेलेल्या कुणी तरी काढा उकळला असेल. त्या जागी राहायला काय सुखसोयी आहेत ते नीट लिही. खिडकीतून काय दिसतं, जिना कसा आहे. अंथरुणावर पडून छत बघून कंटाळले, आणि माझ्या छताला तुझ्यासारखं अर्धंही फूल नाही.

तुझी वन्सं,
बहीगा


दार नसीम, कैरो
बुधवार, २१ सप्टेंबर

वन्सं,

बडीशेपेचं पाणी पोचलं! अठ्ठावीस वर्षांत त्याची धार काही आटत नाही. बरं, तुमचे उपकार मान्य. पण त्या चाळीस दिवसांचं मला काय वाटतं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. शुद्धीवर आले आणि तुम्ही माझ्या हातात एक लठ्ठ, हसरी पोर ठेवलीत. ती माझ्याकडे बघून रडली आणि तुमच्याकडे झेपावली. मी काय म्हणते आहे ते कळेल तुम्हाला.

आता सुखसोयी. लिफ्ट जाळीची, आत आरसा आणि बसायला मखमलीची इवलीशी फळी. जिन्याच्या तळाशी संगमरवराची एक बाई आहे, हातात दिवा आणि नाक तुटलेलं. स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मधल्या उजेडाच्या बोळात उघडते. मॅनेजर मुशब्बक खाऊन खरंच गोड बोलायला लागला. त्याने सांगितलं, हा तिसरा मजला म्हणजे पूर्वी एका ग्रीक बाईची खानावळ होती, मादाम कातीना तिचं नाव. प्रवासी उतरायचे. वरचा चौथा मजला सध्या कुलपात आहे, तिथलं काम व्हायचंय.

आता ते दुसरं. मांजर नाही, वन्सं. परवा मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. रडणं बोळातून येत नव्हतं. ते माझ्या पाठीमागे, माझ्या खोलीत होतं. मी वळले. खोली रिकामी. पलंग, खुर्ची, पडदा. आणि रडणं पलंगाच्या उंचीवरून येत होतं. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण माझी छाती दुखायला लागली. पान्हा दाटल्यावर दुखते तशी. या वयात! ज्या पोरीला मी एक थेंब पाजू शकले नाही, तिच्या वेळी दुखली होती, अगदी तशी. मग बोळातल्या लोखंडी जिन्यावर सपाता वाजल्या. कुणी तरी घाईघाईने खाली उतरत होतं. रडणं एकदम थांबलं, आणि मेथीचा घमघमाट.

मी धावत खिडकीशी गेले. लोखंडी जिना चौथ्या मजल्यापाशीच कापलेला आहे. खालचा भाग हॉटेलवाल्यांनी केव्हाच काढून टाकला. तिथून खाली उतरायला पायरीच नाही.

खुर्चीजवळ मी पाण्याचा भरलेला पेला ठेवला होता, तो रिकामा होता. आणि खुर्ची, जी मी खिडकीकडे तोंड करून ठेवते, ती भिंतीकडे वळलेली होती. बायका पाजायला बसल्या की वळवून घेतात ना, तशी.

तुम्ही म्हणाल, इन्शिराहला पुन्हा ताप चढला. कपाळाला हात लावून बघितला, थंड आहे.

इन्शिराह


दुमयात
शनिवार, २४ सप्टेंबर

इन्शिराह,

ते हॉटेल आजच्या आज सोड. शुब्र्याला माझी मावसबहीण झूबा आहे, तिच्याकडे जा. तिला निरोप धाडलाय. हाझेमला काही सांगू नकोस, हवा मानवत नाही म्हण. कारण विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

बहीगा


दार नसीम, कैरो
रविवार, २५ सप्टेंबर

वन्सं,

तीन दिवस वाट पाहायला लावलीत आणि आलं काय, तर चार ओळींचा हुकूम. मी जात नाही.

मला कळतंय तुम्हाला काय डाचतंय. वहिनी मखमलीच्या फळीवर बसून लिफ्टने वर जाते आणि आपण अंथरुणात. पण त्याहून मोठं म्हणजे, इथे मला माझ्या पोरीचं तान्हेपण ऐकू येतंय. हो, तिचंच आहे ते. माझ्या कानांनी नाही, छातीने ओळखलं. कसं, ते मला विचारू नका. ते चाळीस दिवस तुम्ही एकटीने भोगलेत, आणि त्यातली एखादी दुपार माझ्या वाट्याला आली तर तेही तुम्हाला बघवत नाही. झूबाच्या घरी मला काय ऐकू येणार? तिच्या नवऱ्याचं घोरणं?

काल काय झालं ते लिहिते, जळलात तरी चालेल. जेवण झालं होतं. मोलोखियाच्या भाजीची कढई विसळून मी पलंगावर टेकले होते, पण जागी होते, बाहेर भंगारवाल्याची हाळी ऐकू येत होती. रडणं सुरू झालं. सपाता वाजल्या. मी डोळे मिटले नाहीत. खुर्चीवर कोणी तरी होतं. पाठमोरी बाई. जाड वेणी, वाकलेली मान, उजवा खांदा किंचित हलतोय. गुणगुणत होती, शब्द नव्हते. मेथीचा वास इतका, की घशात कडवट लागला. मी विचारलं, "मूल कुणाचं?"

ती वळली नाही. बाळ निजत असलं की बोलतात तशा आवाजात म्हणाली, "भुकेली होती हो पोर. रागावू नकोस."

मी रागावले नाही, वन्सं. पांघरूण गच्च धरून पडून राहिले. तरी मनात आलं, हिला कोणी हाकलू नये. भंगारवाला पुन्हा ओरडला तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि पेलाही.

संध्याकाळी निहाल आली. तिला यातलं काही सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे, ती लहानपणापासून धड झोपत नाही. दाराशी नाक वर करून म्हणाली, "आई, कसला गं छान वास येतोय?" आणि त्या बुटक्या खुर्चीत जी टेकली, ती पाय पोटाशी घेऊन झोपली. ओठ हलत होते, वन्सं. झोपेत चोखत होती.

तेव्हा मी इथून हलणार नाही. खरं कारण सांगायचं असेल तर सांगा, नाही तर तुमची बडीशेप तुम्हाला लखलाभ.

इन्शिराह


दुमयात
सोमवार, २६ सप्टेंबर

इन्शिराह, पोरी,

मला तुझा हेवा वाटत नाही. मला भीती वाटतेय. खरं कारण मागतेस, तर बसून वाच. निहालसमोर वाचू नकोस.

नाक तुटलेली ती संगमरवराची बाई मी पाहिलेली आहे. रोज तिच्या हातावर हात ठेवून मी जिना चढत असे. तू इस्पितळात होतीस तेव्हा मी नातेवाइकांकडे राहिले असं आम्ही घरी सांगितलं. एकटी बाई परक्या खानावळीत राहते म्हटल्यावर लोक काय काय बोलले असते, म्हणून बोटीवरून परतल्यावर महरूसनेच तसं सांगायला लावलं. मी मादाम कातीनाकडे होते. तिसऱ्या मजल्यावर, उजेडाच्या बोळाला लागून असलेल्या खोलीत. तुझ्या अर्ध्या फुलाचं ते आख्खं फूल मी झोपून बघत असे.

इस्पितळात भेटायची वेळ दुपारची. मूल आत नेऊ देत नसत. म्हणून रोज दुपारी पोर मादामच्या हवाली करून मी तुझ्याकडे यायचे. जाताना पोर आकांत करत असायची. परत यायचे तेव्हा शांत झोपलेली, पोट टम्म. ओठाच्या कोपऱ्यात दूध सुकलेलं, आणि त्याला मेथीचा वास. मी मादामला म्हणायचे, "बघितलंस, माझ्या बडीशेपेच्या पाण्याचा गुण!" ती हसायची. "हो हो, मोठं गुणाचं पाणी तुझं." तिच्यात आपल्यासारखं दुधाचं नातं मानत नाहीत. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल, आणि मला विचारण्यासारखं.

वरच्या मजल्यावर एक तरुण बाई राहायची. एकदाच समोरासमोर आलो. मी लवकर परतले होते, आणि ती लोखंडी जिन्याने वर चालली होती. जाड वेणी, झग्याची छाती ओली. मला बघून थबकली आणि विचारलं, "पोरीची आई बरी झाली का?" मला वाटलं, मादामने सांगितलं असेल. "नाही अजून," म्हटलं, आणि दार लावून घेतलं. वरून तिच्या मुलाचं रडणं ऐकू येत असे. निहालपेक्षा थोडा मोठा असावा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

तुझं बुधवारचं पत्र वाचलं आणि तीन दिवस मी दाराकडे पाठ करून पडून होते. हाझेम चौथ्या मजल्यावरचा, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. पण 'दार नसीम' हे हॉटेलचं नाव नवं, मला कुठून कळणार?

पाचाचा हिशोब करायलाच नको. चाळीस दुपारी होत्या.

अठ्ठावीस वर्षं मिरवलेलं पाणी वाहून गेलं गं. त्याचं जाऊ दे. पण हे स्थळ मी आणलं. हाझेमला वर्कशॉपमध्ये पाहिला आणि मीच त्याला घरी चहाला बोलावलं. त्या पोरीला नवरा म्हणून तिचा भाऊ आणून उभा केला मी.

आता तू ठरव. मेलेल्या बाईची साक्ष कोणी काझी घेत नाही. मी नुसता तर्क करते आहे, मी डोळ्यांनी पाजताना पाहिलेलं नाही. मादाम केव्हाच वारली. तू हे पत्र शेगडीवर धरलंस, तर माझ्या तोंडून मरेपर्यंत चकार शब्द निघणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आई तू आहेस. आज पहिल्यांदा हे मी मनापासून लिहिते आहे.

बहीगा


दार नसीम, कैरो
बुधवार, २८ सप्टेंबर

वन्सं,

पत्र काल मिळालं. शेगडीवर धरलं आणि राख मोरीत सोडली.

उद्या निकाह. हॉल सजतोय, आचारी आलेत. काल संध्याकाळी निहालने पांढरा झगा घालून दाखवला. आरशासमोर फिरताना मला म्हणाली, "आई, मला इतकं आवडेल कुणी, असं मला वाटलंच नव्हतं." आता सांगा, मी तोंड उघडून काय बोलू? एका खुर्चीच्या आणि वासाच्या भरवशावर तिचा संसार मोडू? तुम्हीच म्हणता, तर्क आहे. चौथ्या मजल्यावर त्या वर्षी दुसरं कोणी राहत नसेल कशावरून? मी ठरवलंय. मला काही माहीत नाही. पत्र आलंच नाही.

हे एवढंच लिहून थांबणार होते. पण दुपारपासून मूल रडतंय.

आज सपाता वाजल्या नाहीत. ती आलीच नाही. मी पेला भरून ठेवला, खुर्ची स्वतः भिंतीकडे वळवली. "ये बाई," म्हणाले. मोठ्याने म्हणाले. पेला भरलेलाच आहे, मेथीचा मागमूस नाही, आणि मूल रडतंय. आधी नेहमीसारखं रडत होतं. आता आवाज बसलाय, मधूनच हुंदका येतो आणि पुन्हा सुरू होतं. मॅनेजर टॉवेल द्यायला आला, दारात उभा राहून हसत बोलला, त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. मी पलंगावर जिथून आवाज येतो तिथे हात फिरवला. गादी ओली होती, वन्सं, आणि गरम.

तेव्हा ती कशी रडायची हे मला ऐकायचं होतं ना? ऐकते आहे. चार वाजून गेले, पाच वाजले. कोणी पाजायला येत नाही. तिला पाजणारी मी पुसून टाकली. माझी छाती फुटेल असं वाटतंय, आणि मला तिला तेव्हाही पाजता आलं नाही, आताही येत नाही.

मला हे सोसवत नाही. मी दोघांना बोलावून घेते आहे.

इन्शिराह


दार नसीम, कैरो
शुक्रवार, ३० सप्टेंबर

वन्सं,

लग्न झालं नाही. रमझीकडून कळलं असेलच, पण तो सांगतो ते सगळं खरं धरू नका. कोणी कोणाला मारलं नाही.

बुधवारी सांजेला दोघं आले. मूल रडतच होतं, माझ्याशिवाय कोणालाच ऐकू येत नव्हतं. मी दोघांना समोर बसवलं आणि एका दमात सांगितलं, की निहाल तान्ही असताना मी इस्पितळात होते, आत्या तिला घेऊन याच इमारतीत राहिली होती, आणि आम्हाला अशी शंका आहे की हाझेमच्या आईने तिला दूध पाजलं. खुर्चीतल्या बाईबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

निहाल उसळली. "शंका? उद्या माझा निकाह आणि तुम्हा दोघींना आज शंका येतेय? आत्याने साऱ्या जन्मात बडीशेपेखेरीज दुसरं काही सांगितलं नाही!" तिचा प्रत्येक शब्द रास्त होता. मी मान खाली घालून ऐकलं.

हाझेम आईच्या खुर्चीकडे बघत होता. मग विचारलं, "मावशी, तिसऱ्या मजल्यावर राहिली होती का?"

वन्सं, मी मजला सांगितला नव्हता. नुसतं 'याच इमारतीत' म्हटलं होतं.

मग तो सांगायला लागला. त्याची आई शेवटच्या आजारात त्याला जवळ घेऊन म्हणायची, "तुला एक बहीण आहे. तिसऱ्या मजल्यावर असायची. दुपारी फार भुकेली व्हायची." बाप म्हणाला, तापात बरळतेय. याला वाटलं, आपल्याला एक बहीण झाली असावी आणि ती गेली असावी, घरात कोणी नाव काढत नाही. म्हणून दरवर्षी आईच्या कबरीवर भाकऱ्या वाटताना तो एक वाटा त्या बिननावाच्या बहिणीच्या नावाने वाटतो. इतकी वर्षं! ती जिवंत, आणि हा तिच्या नावाने भाकऱ्या वाटतोय.

"आणखी एक म्हणायची," तो म्हणाला. "म्हणायची, ती कधी भेटली तर विचार, तिची आई बरी झाली का?"

निहालने तोंडावर हात घेतला. मी तुमचं पत्र जाळलं होतं, तिने ते वाचलेलं नव्हतं, पण तिलाही कळलं. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, आणि ती मरताना माझी विचारपूस करून गेली. मी उठून खुर्चीपाशी गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "बरी झाली गं. बरी झाली. पोरही मोठी झाली."

रडणं थांबलं. कापलेल्या जिन्यावर सपाता वाजल्या, या वेळी वर जाणाऱ्या, सावकाश. या वेळी हाझेमनेही मान वर केली. त्याने काय ऐकलं ते मी विचारलं नाही.

निहाल रात्रभर माझ्याशी बोलली नाही. काल गुरुवार, लग्नाचा दिवस. हॉलवाल्यांना, आचाऱ्यांना, पाहुण्यांना तोंड हाझेमनेच दिलं. सगळं जेवण आसपासच्या गल्ल्यांत वाटून टाकलं. दुपारी तो इथे आला. दाराबाहेरच उभा राहिला, आत यावं की नाही ते त्याला कळेना. बारीक आवाजात म्हणाला, "मावशी, फक्त ती बरी आहे ना ते विचारायला आलो."

निहाल आतून आली. डोळे सुजलेले, लग्नासाठी हातावर काढलेली मेंदी तशीच. तिने दार पूर्ण उघडलं, त्याला आत घेतलं आणि त्याच्यासमोर उभी राहून डोक्यावरचा रुमाल सोडला. टाचण्या एकेक काढून माझ्या हातात दिल्या. केस मोकळे पाठीवर पडले. हाझेमने सवयीने नजर खाली टाकली.

"बघ ना," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न करत होती. "पिंगट आहेत. तुला जाणून घ्यायचं होतं ना? भावापासून काय लपवायचं?"

त्याने वर बघितलं आणि ढसाढसा रडला. मग तीही. मी त्यांना रडू दिलं, वन्सं, कारण या दोघांचं रडणं तरी मला डोळ्यांनी दिसत होतं.

तिचं दुःख लवकर भरणार नाही. उगाच गोड बोलत नाही मी. पुढे मागे तिचं लग्न होईल तेव्हा भाऊ म्हणून पाठीशी उभं राहायला तिला माणूस मिळालाय, एवढंच आज म्हणते. तुम्ही मात्र स्वतःला कोसत बसू नका. बडीशेपेचं पाणी काय आणि आणखी काय, चाळीस दिवस छातीशी धरून तिला जगवली ती तुम्हीच.

उद्या आम्ही तिघं दुमयातला येतो. हाझेमचा हात धरून तुम्ही एकदा माफी मागितलीत तर तो हसेल, पण मागा.

रडून झाल्यावर मी चहा केला. दोघांनी खुर्चीजवळ खाली जमिनीवर बसून प्यायला. कप दोनच होते, म्हणून माझा चहा मी हाझेमच्या आईच्या पेल्यातून प्याले.

तुमची,
इन्शिराह